समोरासमोरची बाकं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कवी माणूस मोटारगाडीवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींनी रेडिओचा आवाज कमी केला असेल. त्यांचंही बरोबरच आहे. माझ्या कवितेत आजवर बैलगाडी आली, लाल एसटी आली, एकदा तर जालना स्टेशनातली मालगाडीही आली. घरची जीप मात्र आली नाही. जी वस्तू तीस वर्षं दारात उभी असते, ती कवितेत यायची राहूनच जाते. ती दारातून हलायची वेळ आली तेव्हा तिच्याविषयी बोलावंसं वाटू लागलं आणि ते बोलणं काही कवितेत मावेना. म्हणून आज इथं आलोय.

आमचं मूळ गाव भोकरदन तालुक्यात. मी पोटापाण्यासाठी जालन्यात असतो. वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. दोघे भाऊ गावाकडे शेती बघतात. थोरल्यांना आम्ही भाईजान म्हणतो, अम्मी त्यांच्याजवळ असते. अब्बांनी १९९५ च्या डिसेंबरात महिंद्राची कमांडर घेतली. तेव्हा महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस केंद्रावर घालायचा, चिठ्ठी घ्यायची आणि पैशाची वाट बघत बसायचं. अब्बांनी दोन हंगामांचे कापसाचे पैसे मोडले नाहीत, त्यात मिरचीचे घातले आणि गाडी रोखीनं आणली. आमच्या भागात पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार मोठा. कर्ज काढू, असं धाकट्यानं सुचवून पाहिलं होतं. पण सूद घ्यायचं नाही आणि द्यायचं नाही, ही अब्बांची एक गोष्ट पक्की होती. बाकी नमाजाच्या बाबतीत ते, अल्ला माफ करो, जुम्म्यापुरतेच होते.

गावात तिला कमांडर कुणी म्हटलं नाही. जीपच. वर ताडपत्रीचं छप्पर, मागे उघडणारा फाळका, पुढे चालक आणि दोन माणसं, आणि मागे लांबीला लांबी लावून दोन बाकं, समोरासमोर. कागदावर किती माणसं बसायची परवानगी होती ते पोलिसांना माहीत. आमच्याकडे हिशेब वेगळा होता. गुडघ्याला गुडघा लागला की गाडी भरली. पोरं मांडीवर, पिशव्या पायांत. मिरचीची पोती ज्या दिवशी बाजाराला जात, त्यानंतर दोन दिवस गाडीत बसणारा प्रत्येक माणूस शिंकत असे. एकदा वऱ्हाड घेऊन निघालो तर नवरदेव शिंकून शिंकून लाल झाला. नवरीकडच्या बायकांना वाटलं, पोरगा रडतोय.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती सांगतो. ही महिंद्रा कंपनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' असं होतं. जे. सी. महिंद्रा आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. धंदा होता पोलादाचा. १९४७ साली फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. दोन्ही नावांची इंग्रजी आद्याक्षरं तीच, एम आणि एम. त्याच सुमाराला कंपनीनं मुंबईत अमेरिकन विलिस जीप जोडायला सुरुवात केली आणि आपल्या खेड्यापाड्यांत जीप हा शब्द रुजला.

मी हे कुठंतरी वाचलं आणि मोठ्या उत्साहानं अब्बांना सांगायला गेलो. मला वाटलं, ते काही बोलतील. आपण इथं राहिलो त्याबद्दल, जे गेले त्यांच्याबद्दल. ते गाडीखाली आडवे झाले होते. तिथूनच म्हणाले, "मोहम्मद गेला तर गेला. तू तो पान्हा दे." तो पान्हा मी दिला. पुढे पुष्कळ वर्षं त्या प्रसंगाची कविता करायचा प्रयत्न केला, जमली नाही. पान्ह्यापर्यंत आलो की सगळं संपतं.

त्या बाकांचं मात्र सांगायलाच हवं. समोरासमोर बसलं की माणसाला बोलावं लागतं. आमच्या गावापासून जालना पन्नास-साठ किलोमीटर. तेव्हाच्या रस्त्यानं दोन तास लागत. दोन तास समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून गप्प बसणं मराठवाड्यात तरी कुणाला जमत नाही. बांधावरून वर्षभर न बोललेले दोन भाऊ अब्बांनी एकदा मुद्दाम समोरासमोर बसवले होते. राजूर येईपर्यंत ते बाहेर बघत होते, राजूरला चहाला उतरले तेव्हा एकानं दुसऱ्याचे पैसे दिले. दर अंगारकीला राजूरच्या गणपतीला गल्लीतल्या बायका आमच्याच जीपमधून जात. अब्बा डिझेलचे पैसे घेत नसत. ते देवळाच्या अलीकडे एका चहाच्या टपरीवर बसून राहत आणि बायका परत येताना त्यांच्यासाठी नारळाचा तुकडा आणत. होळीच्या सुमाराला सैलानी बाबांच्या यात्रेला बुलडाण्याकडे जायचं, तेव्हाही हीच जीप आणि जवळजवळ त्याच बायका.

१९९८ च्या पावसाळ्यात शेजारच्या अण्णांच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. अब्बांनी जीप काढली. एका बाकावर ती, समोरच्या बाकावर अम्मी, अण्णांची बायको आणि सुईण. जालन्याला पोचायच्या आधीच, राजूरच्या पुढे, मुलगा झाला. बारशात नाव काय ठेवलं ते बहुधा त्याच्या आधार कार्डावरच असेल. गाव त्याला 'कमांडर' म्हणतं. म्हणजे गाडीला जे नाव कुणी दिलं नाही, ते त्याला मिळालं. आता तो जेसीबी चालवतो.

अब्बा २०१३ साली गेले. जीप राहिली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी ती गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि मुदत वाढवून घ्यायची. २०१०, २०१५, २०२० अशी तीनदा वाढवली. चौथी तारीख २०२५ च्या डिसेंबरातली. दरम्यान २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीच्या पुनर्नोंदणीचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं होतं आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ते दहा हजार झालं. पैसे एकवेळ भरले असते. पण गाडीखालचा पत्रा इतका गंजला होता की मागे बसलेल्याला पायाखाली डांबरी रस्ता पळताना दिसे. धाकटा म्हणाला, "पास होणार नाही." भाईजान काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा त्यांना पटलेलं असतं.

अशा रीतीनं आम्ही गाडी बघायला निघालो, आणि तेही कोणत्या वर्षी? सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो तुम्हाला आठवत असेल. आमचा कापूस बोंडातच भिजला, मका शेतात उभ्याउभ्या काळा पडला. दुसरीकडे त्याच महिन्याच्या २२ तारखेला गाड्यांवरचा जीएसटी उतरला आणि वर्तमानपत्रांची पहिली पानं गाड्यांच्या जाहिरातींनी भरून गेली. एका पानावर पाण्यात गेलेलं शेत, त्याच्याच मागच्या पानावर चकचकीत गाडी. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो. उजेडात धरलं की दोन्ही एकत्र दिसत.

त्या जीएसटीची गंमत मला दुकानात गेल्यावर कळली. गाडी चार मीटरच्या आत असेल आणि डिझेलचं इंजिन दीड हजार सीसीपर्यंत, पेट्रोलचं बाराशेपर्यंत असेल, तर कर अठरा टक्के. त्याहून मोठी गाडी असेल तर चाळीस. ही चार मीटरची रेघ आजची नाही, २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या करताना ती आखली गेली. तेव्हापासून आपल्याकडच्या गाड्या या रेघेच्या आत पाय दुमडून बसायला शिकल्या. बोलेरोची लांबी तीन हजार नऊशे पंच्याण्णव मिलिमीटर आहे. म्हणजे रेघेला पाच मिलिमीटर कमी, बोटाच्या पेराएवढीही नाही. शिंपी कापड बेतताना जसं दाबून धरतो तसं हे काम. पण कापड कमी पडलं की ते कुठं कमी करायचं? मागच्या माणसाच्या गुडघ्यांजवळ. चार मीटरच्या आत सात माणसं बसवली की सातव्याचे गुडघे त्याच्या हनुवटीला लागतात. सरकारनं बंपरऐवजी आमच्या भाईजानांची मांडी मोजून कर ठरवला असता तर बरं झालं असतं.

बघायला आम्ही पाच जण गेलो होतो. भाईजान, धाकटा, पुण्यात नोकरीला असलेला भाईजानांचा मुलगा, अम्मी आणि मी. पुतण्यानं मोबाइलवर सगळा अभ्यास करून ठेवला होता. त्याला छताला खिडकी असलेली गाडी हवी होती. सनरूफ. आमच्या जीपला ताडपत्री फाटल्यापासून ते होतंच, पण हे मी बोललो नाही. धाकट्याला खतबियाणं, मिरचीची पोती आणि वरून चिखलातून निघणारी गाडी हवी होती. भाईजानांना कर्ज नको होतं. अम्मीला काय हवं हे कुणी विचारलं नव्हतं. ती फक्त 'बघायला' आली होती.

पहिल्या दुकानातला मुलगा अतिशय अदबशीर. थंड पाणी, खुर्च्या, अम्मीला वेगळी मऊ खुर्ची. त्यानं फॉर्मवर माझं नाव लिहिलं, वर बघितलं आणि म्हणाला, "सर, तुमचं मराठी किती छान आहे!" चाळीस वर्षं मी मराठीत लिहितो आहे, आणि हे वाक्य मला वर्षातून दोनदा तरी ऐकायला मिळतं, एकदा साहित्य संमेलनात आणि एकदा बाजारात. मी म्हणालो, "तुमचंही छान आहे." तो बिचारा खूश झाला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण भाईजानांनी माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघांनाही एकाच वेळी अब्बांचा तो पान्हा आठवला असावा.

गाड्या उंच होत्या. एसयूव्ही म्हणजे उंची, असं पुतण्यानं समजावलं. अम्मीचे गुडघे गेल्या आठ वर्षांपासून दुखतात. तिनं एका गाडीच्या पायरीवर पाय ठेवून बघितला, दाराचा दांडा धरला, मग पाय खाली घेतला. "इत्ती उंची गाडी कायकू?" एवढंच म्हणाली आणि परत मऊ खुर्चीवर जाऊन बसली. दुकानातल्या मुलानं तिला बाहेरून बसवायची पायरी दाखवली, तिची किंमतही सांगितली. जीपमध्ये ती कशी चढायची, असा प्रश्न मला पडला. मग आठवलं, तिला कधी एकटीला चढावंच लागलं नाही. मागच्या फाळक्यातून दोन हात खाली येत, कुणाचे ना कुणाचे.

तीन दुकानं झाली, चार झाली. आमच्या पिढीच्या गाड्या मला आठवत होत्या. १९९४ साली टाटांची सुमो आली. टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावाची पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं होतं. एका मराठी माणसाचं नाव देशभर फिरत होतं आणि जपानी पहिलवानाचं म्हणून ओळखलं जात होतं. २०१९ साली ती बंद झाली. २००० साली बोलेरो आली, २००२ साली स्कॉर्पिओ. दोन्ही नाशिकला तयार होत. या गाड्यांनी मराठवाड्यातल्या पुढाऱ्यांना एक चेहरा दिला. पण आमच्यासारख्यांच्या दारात जीप आणि रस्त्यावर काळी-पिवळी, एवढंच होतं.

पाचव्या दुकानात मला हवी ती गाडी सापडली. चार मीटरच्या आतली, किंमत आवाक्यातली, आणि मागचं दार उघडलं तर काय, दोन छोटी बाकं समोरासमोर! मी आत जाऊन बसलो. धाकट्याला समोर बसवलं. आमचे गुडघे एकमेकांना लागले. मी म्हणालो, "हीच." धाकटाही हसला. भाईजान कर्जाच्या कागदाकडे बघत होते. बँकेचा माणूस तिथंच टेबल टाकून बसला होता. सात वर्षांचे हप्ते. त्यांनी कागद घडी घालून परत दिला, फाडला नाही. घरी गेल्यावर बोलू म्हणाले.

संध्याकाळी मी उत्साहानं माझ्या मुलीला फोनवर गाडीचा फोटो पाठवला. ती छत्रपती संभाजीनगरला एका रुग्णालयात परिचारिका आहे, अपघात विभागात. तिचा लगेच फोन आला. "अब्बू, मागच्या बाकांवर कोण बसणार?"

मी म्हटलं, "सगळेच. आळीपाळीनं."

"तिथं पट्टा कुठं आहे?"

मी म्हटलं, जीपमध्ये तीस वर्षं कुठं होता? काय झालं?

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं मला जे सांगितलं ते मी सगळं इथं सांगत नाही, रविवारी सकाळी वाचायचं ते नव्हे. तिचं म्हणणं एवढंच होतं की गाडी थांबते पण आतला माणूस थांबत नाही, तो त्याच वेगानं पुढे जात राहतो. समोर तोंड करून पट्टा लावून बसलेल्याला छातीवर आणि कमरेवर काहीतरी धरून ठेवतं. आडवा बसलेला माणूस आपल्या शेजाऱ्यावर जातो, शेजारी त्याच्या शेजाऱ्यावर, मानेला आधार कुठंच नसतो. "तुम्ही पूर्वी चाळीसच्या वेगानं जात होता, अब्बू. आता घराजवळून समृद्धी जातो. तिथं गाडीला एकशेवीसची परवानगी आहे. भाई तिथं चाळीसनं चालवणार आहे का?"

सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ गेले, ते आठवा. एवढी महागडी गाडी, पण ते मागच्या आसनावर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. मी नंतर नियमही काढून बघितला. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम मागच्या प्रवाशांनाही पट्टा सांगतो, पण त्यात शब्द आहेत 'पुढे तोंड असलेल्या मागच्या आसनावरचे'. आमची बाकं पुढे तोंड करून नव्हतीच. म्हणजे ज्या जागी माझं सगळं आयुष्य बसलं होतं, ती जागा कायद्याला दिसलीच नव्हती.

खरं सांगतो, मला राग आला. मुलीचा नाही, तिच्या बरोबर असण्याचा. तीस वर्षं आम्ही त्या बाकांवर गल्लीतली पोरं, म्हातारी माणसं, बाळंतीण, सगळ्यांना बसवलं आणि त्याला माणुसकी म्हणालो. ती माणुसकी होतीच. पण नशीबही होतं, आणि त्याचा हिशेब आम्ही कधी ठेवला नव्हता. एखाद्या वळणावर ते फिरलं असतं, तर अण्णांच्या घरी मी कुठलं तोंड घेऊन गेलो असतो?

घरात चार दिवस यावर चर्चा झाली. भाईजानांचं सूद नको हे पक्कं होतं. पुतण्या म्हणाला, आजकाल सगळेच हप्त्यानं घेतात. भाईजान म्हणाले, "सगळे घेतात म्हणूनच सगळे झोपत नाहीत." त्या वर्षीचा पाऊस बघता सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घ्यायचं धाडस, धर्म बाजूला ठेवला तरी, मलाही होत नव्हतं. शेवटी पर्याय निघाला तो वापरलेल्या गाडीचा. संभाजीनगरच्या एका डॉक्टरांची २०१८ ची इनोव्हा क्रिस्टा. सात आसनं, सगळ्यांची तोंडं पुढे. अम्मीला त्यांच्या अंगणात नेऊन आधी बसवून बघितलं. दांडा धरून, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून ती चढली. बसल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "सामने कोन बैठींगा?" समोर पुढच्या आसनाची पाठ होती.

पैसे तिघा भावांनी घातले, पुतण्यानं त्याची शिल्लक दिली, माझ्या मुलीनंही दिले. माझा वाटा सर्वांत कमी, आणि मतं सर्वांत जास्त. ही घरातली जुनीच विभागणी आहे. फॉर्म २९, फॉर्म ३०, विम्याची बदली, हे सगळं पुतण्यानं मोबाइलवरून आणि दोन हेलपाट्यांत केलं. धाकट्यानं एकच अट घातली, मिरचीची पोती या गाडीत चढणार नाहीत. त्यांच्यासाठी आता भाड्याचा छोटा टेम्पो येतो.

जुन्या जीपचं काय करायचं यावर मात्र जास्त वेळ गेला. एक भंगारवाला घरी येऊन वजनावर घ्यायला तयार होता. पण तशी गाडी दिली की तिचा नंबर नोंदीत जिवंत राहतो; कुणी त्या नंबरावर काही उद्योग केला तर पोलीस आमच्या दारात. आणि आमच्या दारात पोलीस आले की लोक कारण विचारत नाहीत, हेही भाईजानांच्या मनात असणार. म्हणून ती नोंदणीकृत मोडणी केंद्रातच दिली, नोंदणी रद्द केली आणि त्याचा कागद अब्बांच्या कपाटात ठेवला. तुम्हाला माहीत आहे, आमचं जालना सळईचं गाव. भंगार भट्टीत वितळतं, त्याच्या लाद्या होतात, लाद्यांची सळई. धाकटा म्हणाला, "कुणी सांगावं, फिरून आपल्याच एमआयडीसीत येईल." अम्मीनं विचारलं, "फिर वो सळई किसके घरकू जाती?" याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मोडायला नेण्याच्या आदल्या दिवशी कमांडर आला. त्याला बाक हवं होतं, ज्याच्यावर तो झाला ते. आता डावं की उजवं, यावर अर्धा तास वाद. अण्णा म्हणाले डावं, धाकटा म्हणाला उजवं. अम्मीला बाहेर आणलं. तिनं डोळे मिटून हात फिरवून बघितला, आपण कुठं बसलो होतो ते ठरवलं आणि समोर बोट केलं. उजवं. कमांडरनं चार बोल्ट काढले, बाक जेसीबीच्या बकेटमध्ये ठेवलं आणि घेऊन गेला. डावं जीपबरोबर गेलं.

पुढची अंगारकी आली. मी गावीच होतो. सकाळी सहाला गल्लीतल्या बायका नेहमीप्रमाणे दारात हजर. गाडी बदलली आहे हे त्यांना माहीत होतं, पण बदलली म्हणजे काय, हे कुणी विचारात घेतलं नव्हतं. पुतण्या चालवणार होता. त्यानं मोजलं, सहा बसतील. बायका नऊ होत्या. जीप असती तर कुणी मोजलंच नसतं. त्या वेळी अंगणात जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. कोण थांबणार हे कुणी कुणाला कसं सांगायचं? शेवटी तिघी तरण्या सुना म्हणाल्या, आम्ही एसटीनं येतो, अर्धं तिकीट तर आहे. मी म्हटलं, मीही येतो तुमच्याबरोबर.

गाडीत अण्णांची बायको, म्हणजे कमांडरची आजी, मधल्या आसनावर बसली होती. पुतण्यानं तिला पट्टा लावला. तिनं तो ओढून बघितला. "हे काय रे, बांधून नेतो का मला देवाला?" पण काढला नाही.

आम्ही राजूरला पोचलो तेव्हा गाडीतल्या बायकांचं दर्शन होत आलं होतं. मी अब्बांच्या जागेवर, त्या टपरीच्या बाकड्यावर जाऊन बसलो. टपरीचा मालक बदलला आहे, चहा तसाच गोड. आजी येऊन नारळाचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "येताना तू जा गाडीत. मी एस्टीनं येते."

मी म्हटलं, "का आजी? पट्टा टोचला का?"

"टोचला नाही. पण बोलायचं कुणाशी? नुसत्या पाठी दिसतात सगळ्यांच्या. आणि एस्टीत मला तिकीट नाही लागत." तिची पंच्याहत्तरी कधीच उलटली आहे. पिशवीतून कार्ड काढून तिनं मला दाखवलं आणि स्टँडाच्या दिशेनं चालू लागली.